मधुमालती लावायची आहे? इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग, कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा, चार फाटकांमागे एका फाटकावर मधुमालतीची कमान दिसतेच. ज्यांच्याकडे आहे त्यांना ती आवरत नाही आणि ज्यांनी नवी लावली त्यांना फुलं येत नाहीत. खालची सगळी उत्तरं इंदूरची काळी माती, इथला उन्हाळा आणि इथलं पाणी धरून दिली आहेत. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी जरूर वाचावं, पण महिने आपापल्या हवेप्रमाणे बदलून घ्यावेत.

मधुमालती म्हणजे नक्की कोणती वेल? नर्सरीवाला तर तीन वेगवेगळी रोपं दाखवतो.

लांब नळीची, पाच पाकळ्यांची, झुपक्यांनी खाली लोंबणारी, एकाच झुपक्यात पांढरी-गुलाबी-लाल फुलं असलेली ती मधुमालती. नर्सरीत तिला रंगून क्रीपरही म्हणतात. शास्त्रीय नाव कॉम्ब्रेटम इंडिकम. जुन्या पुस्तकांत क्विसक्वालिस इंडिका दिसेल, ती हीच. अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या कुळातली आहे. माधवीलता वेगळी: तिची फुलं पांढरी, झालरीसारख्या कडांची, आतल्या एका पाकळीवर पिवळा डाग असलेली. चमेली आणि जाई तर आणखी वेगळ्या. शंका असेल तर रोप फुलावर असतानाच घ्या, म्हणजे वाद मिटला.

एकाच वेलीवर तीन रंग कसे? कलम केलेलं असतं का?

कलम वगैरे काही नाही. फूल तेच असतं, त्याचं वय बदलतं. एखाद्या संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास खुर्ची टाकून एकाच झुपक्याकडे बघत बसा. मिटलेल्या कळ्या बाहेरून गुलाबीसर असतात. ऊन उतरलं की त्यातल्या काही उलगडतात आणि आतून पांढऱ्याशुभ्र निघतात. ही ताजी फुलं जवळजवळ आडवी, समोर तोंड करून असतात. वासही तेव्हाच सर्वांत जास्त, रात्री तर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी तीच फुलं गुलाबी होऊन मान खाली घालतात आणि तिसऱ्या दिवशी गडद लाल. रोज संध्याकाळी नवी पांढरी उमलत असल्यामुळे तिन्ही रंग एकत्र दिसतात.

यामागे हिशेब आहे. नळी पाच-सहा सेंटीमीटर लांब, मध तळाशी. तिथपर्यंत पोचणारी सोंड मोठ्या निशाचर पतंगांची, आणि अंधारात त्यांना पांढरं फूल दिसतं. दिवसा मग गुलाबी-लाल फुलांवर मधमाश्या, फुलपाखरं आणि शिंजीर येतात. शिंजीर लबाड, कधी कधी नळीला बाजूनेच भोक पाडून मध पळवतो.

एकेरी घ्यावी की डबल?

वास आणि रंगांचा खेळ हवा तर एकेरी. डबल फुलं भरगच्च दिसतात, जास्त करून गुलाबी-लाल, आणि कमी जागेत बरी. आमचं मत विचाराल तर एकेरी. डबलचा झुपका फोटोत छान येतो, पण तीन दिवसांची ती गंमत त्यात तितकी उठून दिसत नाही.

लावायची कधी?

दोन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलै. दुसरी संधी फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा नवं रोप जमिनीत लावून त्याचे आणि आपले हाल करू नयेत. उन्हाळ्यात आणलंच, तर पिशवीसकट झाडाच्या सावलीत ठेवा आणि पावसाची वाट बघा.

आमच्याकडे नुसती काळी माती आहे. पावसात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. त्यात जगेल?

जगेल, आणि चांगली जगेल. माळव्याची काळी माती सुपीकच आहे, अडचण फक्त निचऱ्याची. पावसात ती फुगते आणि खड्ड्यात पाणी धरून ठेवते. अशा वेळी लहान रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा करा. तळाशी विटांचे तुकडे किंवा मुरूम, चार बोटं. निघालेली माती अर्धी घ्या, उरलेल्या अर्ध्यात जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या प्रमाणात. मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर राहील असं बसवा, कारण ही भर नंतर खचते. खोलगट झालं की पावसाचं सगळं पाणी बुंध्याशीच. भिंतीपासून निदान एक फूट अंतर ठेवा. ड्रेनेजच्या चेंबरपासून आणि पाण्याच्या पाइपापासून त्याहून जास्त.

फ्लॅटमध्ये राहतो. गमल्यात लावली तर चालेल का?

चालेल, पण लहान गमल्याचा मोह नको. कमीत कमी १८ इंची कुंडी, त्याहून बरा अर्धा कापलेला ड्रम, तळाला चार-पाच भोकं. बाल्कनीला पाच-सहा तास ऊन मिळत असेल तरच हा खटाटोप करा. उत्तरेकडची सावलीतली बाल्कनी असेल तर मनीप्लांट लावून मोकळे व्हा. कुंडीतल्या वेलीला दोन-तीन वर्षांनी बाहेर काढून मुळांचा बाहेरचा गुंता कापावा लागतो आणि माती बदलावी लागते. हे काम फेब्रुवारीत, छाटणीबरोबरच उरकायचं.

पाणी रोज घालावं का? आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं.

मग वेलीलाही एक दिवसाआडच मिळेल आणि ते तिला पुरेल. पहिलं वर्ष सोडलं तर जमिनीतल्या मधुमालतीला रोज पाणी घालण्याची गरज नाही. भर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, पण खोलवर मुरेल असं. पावसाळ्यात काहीच नाही. थंडीत दहा-पंधरा दिवसांतून एकदा. कुंडीतल्या वेलीला मात्र मे महिन्यात रोज, आणि कधी सकाळ-संध्याकाळ.

बोअरिंगच्या पाण्यावर असाल तर पुढचा पिवळ्या पानांचा प्रश्न नीट वाचा.

वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली. हिरवीगार आहे. फूल मात्र एक नाही. काय चुकतंय?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही: लाड कमी करा.

पहिली गोष्ट ऊन. वेल कुठे उगवली आहे यापेक्षा तिचा शेंडा कुठे आहे ते बघा. बुंधा उन्हात आणि फांद्या आंब्याखाली असतील तर फुलं येणार नाहीत. उलट बुंधा सावलीत असूनही शेंडे गच्चीवर उन्हात पोचले की बहर येतो. मग होतं असं, की फुलं सगळी गच्चीवर, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, आणि खाली लावणाऱ्याला नुसती पानं!

दुसरी गोष्ट खत. युरिया, ताजं शेण, दर पंधरा दिवसांनी 'काहीतरी घालूया' म्हणून घातलेलं नत्र. असं खाऊन वेल फक्त पानं आणि हातभर लांब फांद्या काढते. खत पूर्ण बंद करा, एक हंगामभर.

तिसरी गोष्ट पाणी. सतत ओल्या जमिनीत वाढ चालूच राहते आणि कळ्या धरत नाहीत. एप्रिलमध्ये मधे मधे माती वरून दोन-तीन बोटं सुकू द्या.

चौथी गोष्ट कात्री. फुलं नव्या फांदीच्या टोकाला येतात. जी वेल चार वर्षं कापलीच नाही, तिच्या जुन्या फांद्यांचा गुंता नव्या फुटव्यांना उजेडच मिळू देत नाही. 'जीव होत नाही हो कापायला' असं सांगणारे खूप भेटतात. त्यांच्याच वेलींना फुलं नसतात.

रोप अगदी नवं असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबा, तोवर ते मुळं आणि आधार शोधण्यातच असतं. लहानपणी मधुमालती झुडपासारखी वाढते, वेलीचे हात नंतर फुटतात. नर्सरीवाल्याने फसवलं असं समजून उपटून टाकू नका.

छाटणी नेमकी कधी आणि किती?

मोठी छाटणी महाशिवरात्र ते रंगपंचमी या दरम्यान. रंगपंचमीची गेर (आपली रंगांची मिरवणूक) निघायच्या आत कात्री चालून झाली पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तेव्हा थंडी सरलेली असते, वेल जागी होऊ लागलेली असते आणि नवे फुटवे एप्रिल-मेच्या पहिल्या बहराला तयार होतात.

किती कापायचं? तीन-चार जाड मुख्य खोडं ठेवा. त्यांच्यावरच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे (जिथून कोंब फुटतात त्या जागा) ठेवून कापा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या जिथून फुटल्या तिथूनच काढा. वेल अर्धी दिसेल, घरातले लोक हाय खातील, चालेल. फार माजलेली जुनी वेल गुडघ्याएवढी ठेवूनही कापता येते, ती परत येते; फक्त त्या वर्षी बहर उशिरा.

कापताना फांदी हातात घेऊन नीट बघा. पानं समोरासमोर जोडीने असतात. पान गळलं तरी त्याच्या देठाचा खालचा भाग तिथेच राहतो, कडक होतो आणि त्याचा वाकडा काटा बनतो. याच काट्यांनी वेल जाळीला अडकते आणि आपल्या बाह्यांना ओरबाडते. म्हणून पूर्ण हातांचा जुना सदरा आणि जाड हातमोजे. काप डोळ्याच्या वर बोटभर, तिरका.

बहर ओसरला की टोकाचे वाळके झुपके वीतभर फांदीसकट उडवा. पावसानंतर पुन्हा फुलं येतात. ऑक्टोबरनंतर मोठी छाटणी नको. थंडीत फुटलेली कोवळी पालवी मार खाते आणि मेहनत वाया.

एप्रिल ते जुलै कात्री लावण्याआधी गुंत्यात डोकावून बघा. बुलबुल आणि शिंपी यांना ही जागा फार आवडते. घरटं असेल तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडा.

खत द्यायचं नाही म्हणता, मग काहीच नाही का?

वर्षातून दोनदा पुरे. छाटणीनंतर बुंध्यापासून फूटभर लांब गोल चर काढून दोन घमेली कंपोस्ट आणि दोन मुठी हाडांचं पीठ किंवा सिंगल सुपर फॉस्फेट. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणखी एक घमेलं कंपोस्ट. झालं.

कंपोस्ट विकत आणायची इंदूरकरांना तर लाज वाटली पाहिजे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणारं आपलं शहर, ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरांत. आणि कंपोस्ट करण्याच्या शास्त्राला तर जगभर आपल्याच गावाचं नाव आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे. शेतातला पालापाचोळा, गुरांचं शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा आणि साधारण तीन महिन्यांत खत काढायचं, ही त्यांनी घालून दिलेली रीत 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. हवा आणि ओल दोन्ही हवीत, म्हणून उलटणं महत्त्वाचं. घरच्या ड्रममध्येही तत्त्व तेच: साधारण तीन भाग सुका पाला, एक भाग ओलं. वास मारायला लागला की समजा सुकं कमी पडलं.

राख मात्र वेलीच्या बुंध्याशी सरळ टाकू नका. आपली काळी माती आधीच विम्लतेकडे (अल्कलीकडे) झुकलेली, पोटॅशही तिच्यात बऱ्यापैकी असतं. राखेने फायदा काही नाही, पानं पिवळी पडायला मदत.

पानं पिवळी पडताहेत.

कोणती पानं? खालची जुनी असतील आणि महिना डिसेंबर-जानेवारी असेल तर ती जायचीच. पावसाळ्यात सगळीच पिवळी पडत असतील तर पाणी साचलंय. चर काढून वाट करून द्या.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीची माती आणि बोअरिंगचं जड पाणी यांच्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. भिंतीवर आणि फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत. जमेल तेव्हा नर्मदेचं किंवा गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी द्या, आणि कंपोस्ट.

कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस जमलाय, मुंग्याही फिरताहेत.

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांच्या चिकट गोड स्रावासाठी येतात आणि त्यांना राखतात, त्यामुळे मुंग्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, बाकीच्यांवर पाइपाने जोरात पाणी मारा. मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडासा भांडी घासायचा लिक्विड साबण, आठवड्याच्या अंतराने तीनदा, ऊन उतरल्यावर. भर दुपारी तेल फवारलं तर पानं भाजतात. मे महिन्यात पानं मळकट, ठिपक्यांची दिसली आणि मागे बारीक जाळं असलं तर कोळी नावाची बारीक कीड. तिला पाण्याचा फवारा मानवत नाही.

वेलीने भिंत खराब होते का?

मधुमालती भिंतीला मुळं चिकटवत नाही, त्यामुळे प्लास्टर उकलत नाही. तो उद्योग फायकसच्या चढत्या वेलीचा. हिचा त्रास वजनाचा. पाच वर्षांची भिजलेली वेल पातळ बांबूची जाळी सहज आडवी करते. लोखंडी कमान किंवा भिंतीपासून चार-पाच इंच पुढे काढलेले खिळे आणि जाड तार, असा आधार द्या. पावसाच्या पाण्याच्या पाइपावर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर चढू देऊ नका.

साप येतात म्हणे?

वासाने साप येत नाहीत. साप येतो उंदीर-बेडकांमागे आणि लपायला जागा असली तर. बुंध्याशी पाचोळा, विटा, मोडक्या कुंड्या साठवल्या असतील तर मधुमालती काय, तुळशीवृंदावनाशीही येईल. जमिनीपासून दीड-दोन फूट खोडं मोकळी ठेवा, खाली झाडलोट ठेवा.

थंडीत वेल वाळल्यासारखी झाली. मेली का?

नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत. इंदूरला रात्रीचा पारा सात-आठ अंशांवर आला की ती पानं टाकते. पाणी कमी करा आणि फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका.

घरच्या वेलीपासून रोप कसं करायचं?

सोपा मार्ग म्हणजे मुळांपासून निघालेले धुमारे. पावसाळ्यात मुळाच्या तुकड्यासकट खणून लावा. तेही नसेल तर दाब कलम: जुलैत जमिनीजवळची फांदी वाकवून, एका डोळ्याखाली साल थोडी खरवडून मातीत दाबा, वर वीट ठेवा. दीड-दोन महिन्यांत मुळं सुटतात, मग आईपासून तोडा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा-आठ इंची फांद्यांचे तुकडेही लागतात, पण सगळे लागत नाहीत. दोन हवे असतील तर सहा लावा.

फुलं देवाला चालतात का? मुलांनी तोंडात घातली तर?

आमच्याकडे वाहतात. संध्याकाळी उमललेली पांढरी सकाळपर्यंत गुलाबी होतात, तीच खुडा. लाल झालेली ताम्हनातच गळून पडतात. मुली नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याची वेणी करतात, करू द्या. बिया मात्र खाऊ नयेत. जंतांवर त्या देण्याची जुनी रीत आहे, पण जास्त झाल्या तर मळमळ, उलट्या, चक्कर. घरगुती औषध म्हणून प्रयोग नको.

मधुमालती झेपणार नाही असं वाटतं. दुसरं काही?

जागा थोडी असेल तर जुई किंवा गोकर्ण. जानेवारीत नारिंगी रंग हवा असेल तर संक्रांतवेल, पण तीही पसरते. जांभळं हवं आणि वाट बघायची तयारी असेल तर पेट्रिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिचे निळे-जांभळे घोस बघण्यासारखे. नुसता हिरवा पडदा हवा तर कर्टन क्रीपर, कटकट नाही.

वेल विजेच्या तारांपर्यंत पोचली आहे. माळी म्हणतो, मी शिडी लावून कापतो.

अजिबात नाही. ओली फांदी वीज वाहते. वीज कंपनीला कळवा, पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच वरचा भाग कापा. मग खालून वेल अशी वळवा की पुन्हा खांबाकडे जाणार नाही: त्या बाजूचं मुख्य खोडच काढून टाका.

आणि कायमची काढायची असेल तर?

घर पाडून फ्लॅट होताहेत, त्यामुळे हेही विचारतात. बुंधा जमिनीलगत कापून भागत नाही, मुळांपासून धुमारे येत राहतात. उन्हाळ्यात बुंध्याभोवती दोन फूट खणून जाड मुळं काढा आणि पुढचे दोन पावसाळे जो कोंब दिसेल तो लगेच उपटा. त्याआधी एखादं दाब कलम करून शेजारी देऊन ठेवा, कारण हौसेने काढणारे पुढच्या जुलैत रोप मागायला येतात.